शेंडीवाल्याचा डावा हात

हयवदनला आयुष्यात फारसा कुणाचा हेवा वाटला नव्हता. विमा कंपनीतले बरोबरीचे लोक साहेब झाले, त्याने त्यांचे पेढे खाल्ले. साडूने जे. पी. नगरात तीन मजली घर बांधलं, त्याने वास्तुशांतीला कमरेला पंचा बांधून वाढप केलं. आणि सत्तेचाळिशी उलटल्यावर त्याच्या पोटात दुखू लागलं ते एका जपानी कार्टूनमधल्या पोरावरून!

कार्टून बास्केटबॉलचं होतं. हायस्कूलची मुलं आणि शाळाशाळांतले सामने. हयवदनची मुलगी मनस्विनी, नववीतली, संध्याकाळी फोन घेऊन झोपाळ्यावर बसायची ती जेवायला हाक मारली तरी उठायची नाही. त्यातला तिचा लाडका खेळाडू म्हणजे एक ठेंगणा पोरगा. सदा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेला, आणि डोक्यावर केसांचा एक झुबका कायम ताठ उभा. त्याचं खरं नाव हयवदनने कधी तोंडातून काढलं नाही. तो त्याला शेंडीवाला म्हणे.

आता हयवदन हा बसवनगुडीतल्या क्लबच्या सिमेंटच्या कोर्टावर वाढलेला गडी. युनिव्हर्सिटीकडून खेळलेला. मुलीला सातवीपासून त्याने स्वतः कोर्टावर नेलं होतं. तिची उंची चांगली, नजर चांगली, पण डावा हात म्हणजे खांद्याला टांगलेली पिशवी. "डावा, मनू, डावा!" असं तो दर रविवारी सकाळी घसा फोडून ओरडायचा. मनू चेंडू उजव्याच हातात घ्यायची. शेवटी एक दिवस ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही स्वल्प गप्प बसा ना!" आणि त्यानंतर बापाबरोबर जाणंच तिने सोडलं. मैत्रिणींबरोबर जाऊ लागली. पिकतं तिथे विकत नाही, असं बायकोने, सत्यवतीने, त्याला समजावलं. तो समजायला तयार नव्हता.

आणि मग कार्टूनमध्ये त्या शेंडीवाल्याचा डावा हात दुबळा निघाला. सुधारायचा म्हणून त्याने महिनाभर सगळं डाव्या हाताने करायचं ठरवलं. दात घासणं, लिहिणं, जेवणं, सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी मनूचा ब्रश डाव्या हातात! मग कंगवा, मग चमचा. पंधरवड्यात ती कोर्टावर डाव्या हाताने लेअप मारू लागली, पळत येऊन चेंडू थेट बास्केटात. कुंपणाबाहेरून हयवदनने ते पाहिलं. आनंद व्हायला हवा होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"काय आहे गं त्या कार्टूनमध्ये?" त्याने घरी आल्यावर विचारलं. "एकदा चेंडू हवेत गेला की अर्धा एपिसोड संपेपर्यंत खालीच येत नाही. तेवढ्यात तिघांचं बालपण सांगून होतं."

"तेच तर छान आहे, अण्णा. चेंडू हवेत असतो तेव्हा त्याला किती भीती वाटते ते आपल्याला कळतं. हरणाऱ्या टीमच्या मुलांचीसुद्धा घरं दाखवतात. तुम्ही नुसतं डावा, डावा म्हणता."

ज्या पोराला हाडं नाहीत, रक्त नाही, जो आजवर खरा चेंडू एकदाही शिवलेला नाही, त्याने आपली पोरगी पळवली होती. हयवदनला फार काही नको होतं. चारचौघांत मनूने एकदा म्हणावं की हे मला अण्णांनी शिकवलं. एवढंच.

त्याच आठवड्यात सत्यवतीच्या थोरल्या बहिणीच्या, संयोगिताअक्काच्या मुलाची मुंज आली. मंडपात दुपारची पंगत बसली. केळीची पानं मांडली, भात वाढला गेला, तूप आलं. मनू बापाशेजारी बसली होती. आणि तिने सगळ्यांदेखत डाव्या हाताने भात कालवायला घेतला.

तिचंही एका अर्थी बरोबर होतं. घरात आईचे सोमवार, शनिवार पाहत वाढलेली पोर ती. नेम घेतला की खंड पडू द्यायचा नाही, पडला तर पहिल्यापासून सुरुवात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नेम शेंडीवाल्याचा होता, एवढाच काय तो फरक.

तूप वाढणारी संयोगिताअक्का जागीच थांबली. "अय्यो! मुंजीच्या पंगतीत डाव्या हातानं? कुणी शिकवलं हे तुला?"

सगळी रांग वाकून पाहू लागली. सत्यवती लाजेने लाल झाली. मनू तोंड उघडणार आणि त्या शेंडीवाल्याचं नाव घेणार, हे हयवदनला दिसलं. ते मात्र त्याला सहन होईना.

"मी," तो म्हणाला. "मी शिकवलं."

"तुम्ही?"

"खेळासाठी लागतं, अक्का. मीच सांगितलं तिला."

मनूने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सरी, ठीक आहे. मग तुम्हीपण जेवा ना तसंच."

आता माघार कशी घ्यायची! हयवदनने डावा हात पानात घातला. तेवढ्यात वाढप्याने सार ओतलं. घास उचलला तो वाटेतच फुटला आणि सार कोपरापर्यंत ओघळून नव्या धोतरावर सांडलं. अक्का कपाळावर हात मारून पुढे गेली. मनू खुदखुदत त्याच्याकडे सरकली आणि त्याचं मनगट धरून म्हणाली, "बोटं दाबू नका, अण्णा. मनगट वळवा. पहिल्या दिवशी त्याचंपण असंच सांडलं होतं."

पुन्हा तोच! हयवदनने दातओठ खाल्ले. "त्याला कोण शिकवतं गं?"

"कुणी नाही," मनू म्हणाली. "त्याचे अण्णा कधी कोर्टावर येतच नाहीत. एकटाच करतो बिचारा. तुम्ही येत्या रविवारी येणार ना माझ्याबरोबर?"

हयवदनला त्या पोराची पहिल्यांदाच कीव आली. आणि खरं सांगायचं तर फार, फार बरं वाटलं. त्याने वाढप्याला हाक मारून आणखी सार मागितलं.