मंदिरावरून, चक्कीच्या मागे

ऐंशीच्या दशकात मी नागपुरात वीजबिलांच्या कचेरीत कॉम्प्युटरवर काम करत होते. एका दुपारी चौकीदार चार-पाच वर्षांच्या पोरीला घेऊन आला. वरातीच्या बँडमागे नाचत ती आमच्या फाटकापर्यंत पोचली होती.

"रडून राहिली, मॅडम. ठाण्यात नेऊन देऊ का?"

ठाणं म्हणताच तिने भोकाड पसरलं. नाव काही सांगेना.

"राहते कुठं वं तू?" मी विचारलं.

"चक्कीच्या मांगं. मंदिर हाये तिथं."

साहेब म्हणाले, अर्धा तास बघा, मग ठाणं.

आमच्याकडे पत्ता म्हणजे खाणाखुणाच. ग्राहकांनी सांगितल्या तशाच त्या मशीनमध्ये भरल्या होत्या. मी मोठ्या रुबाबात 'चक्की' टाइप करून पुढे टक्क्याची खूण लावली, म्हणजे चक्कीने सुरू होणारे सगळे पत्ते. एकही आला नाही. मग दोन्ही बाजूंना टक्का लावला, मागेपुढे काहीही चालेल असा. अर्धं नागपूर पडद्यावरून सरकायला लागलं! टक्का, चक्की, टक्का, मंदिर, टक्का असंही करून पाहिलं. शून्य. पोरीचे हुंदके ऐकून माझं डोकं आणखीच तापत होतं.

मग लक्षात आलं, आपला माणूस पत्ता सांगताना ऐकणाऱ्याला पायी चालवत नेतो. आधी लागेल ते आधी. टक्क्याला मधे काहीही चालतं, पण क्रम उलटा चालत नाही. आणि मी तर पोरीने घरापासून सांगितलं तसंच टाइप केलं होतं.

"घरी जातानी आधी काय लागते वं?"

"मंदिर," ती नाक पुसत म्हणाली. "मंग चक्की."

टक्का, मंदिर, टक्का, चक्की, टक्का. तीन ओळी आल्या, तिन्ही महाल भागातल्या एकाच गल्लीच्या. इतकं हायसं वाटलं की मी चौकीदाराच्याच पाठीवर थाप मारली.

सायकलरिक्षा केली. चक्की दिसताच पोरगी उडी मारून पळाली, मी तिच्यामागे. चक्कीमागच्या विहिरीभोवती गल्ली गोळा झाली होती. एक माणूस विहिरीत गळ सोडून तळ चाचपत होता, आणि काठावर बसलेली बाई त्या दोरीकडे एकटक बघत होती.

"आई!" पोरगी ओरडली.

माणसाच्या हातून दोरी सुटली. दोरी पाण्यात पडल्याचा आवाज आला, आणि तो तिथेच खाली बसून ढसाढसा रडायला लागला.