टोपण सापडेपर्यंत

माझ्याआधी आमच्या घरात सही नव्हती, अंगठेच होते. वडील सालगडी, आई लोकांच्या रानात कापूस वेचायची. मी बी.ए. झालो आणि खिशाला पेन लावून जिंतूरच्या स्टँडवर उगाच हिंडू लागलो.

माझ्या जुन्या कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मी हवाईदलाच्या एका स्क्वाड्रनचा इतिहास लिहायला घेतला. सर म्हणाले, "त्यात नोकरी केलेल्या माणसाची सही आण, मगच छापू." असे एक किसनकाका सेलूजवळच्या खेड्यात राहत.

सेलूपर्यंत एस.टी., पुढे पायी. नवे बूट चावले, म्हणून ते हातात घेऊनच पोचलो.

"जयभीम, काका. तुम्ही कोणतं विमान उडवलं?"

"एक बी न्हाई. मी फिटर. पन माज्या सहीबिगर कुनाचं चाक हललं न्हाई."

माझे वीसही प्रश्न वैमानिकांच्या शौर्यावर होते. वही उलटी करून नव्यानं लिहू लागलो: तंबूत सुरू झालेली स्क्वाड्रन, बदलत गेलेले तळ, लढाईतून परतलेलं विमान पुन्हा सज्ज करताना भाजलेले हात. काकूंनी भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची आमटी) वाढलं. लिहिता लिहिता अर्धं येसर सदऱ्यावर सांडलं.

संध्याकाळी सहीसाठी वही पुढं केली. काकांनी माझ्या पेनाकडं पाहिलं.

"टोपन कुटं हाय?"

"पडलं असेल. राहू द्या."

"राहू कसं द्यायचं? एक पाना हरवला तरी इमान जाग्यावर. तो इंजनात असला म्हंजी? हत्यार गावल्याबिगर मी सही करत न्हाई."

मग आम्ही तिघांनी ढाळज (दारामागची बसायची जागा) झाडली, बाज उलटी केली, म्हशीची गव्हाण चाचपली. तेवढ्यात सेलूहून सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ टळली. टोपण माझ्याच बुटात निघालं.

"बी.ए.ला हेच शिकिवत्यात व्हय?" काकू म्हणाल्या.

मुक्काम पडला. सकाळी काकांनी सगळं वाचायला लावलं. 'वैमानिकांनी विमाने सज्ज केली' हे वाक्य खोडायला लावलं, आणि मग सही केली.

परतताना सेलूच्या स्टँडवर मी तीनदा टोपण चाचपलं. पदवीनं आलेली ऐट काकूंच्या एका वाक्यात उतरली होती, पण वही खिडकीतल्या धुळीपासून जपत आणली.

इतिहास अकरा पानं छापून आला. शेवटी काकांची सही आहे. तिच्याखाली माझी.