नाव घातलेला हेडर

आमच्या दारात छत्र्या ठेवायला ट्रकच्या इंजिनाचा एक स्टीलचा हेडर आहे आणि त्याच्यावर तुमच्या नीलेशमामाचं नाव कोरलेलं आहे. सई, परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, ती मॉडर्न आर्ट आहे का?" मी हो म्हणाले. ते खोटं होतं. आता खरं काय ते लिहिते. आरवलाही वाचून दाखव, त्याला गाड्या आवडतात.

झालं असं की मामाच्या ट्रकचा मॅनिफोल्ड तडकला. (इंजिनाच्या चारही सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढे नेणारं लोखंडी नळकांडं म्हणजे मॅनिफोल्ड. तेच जरा देखणं, वळणदार नळ्यांचं बनवलं की त्याला हेडर म्हणतात. हे ज्ञान मलाही त्याच आठवड्यात झालं.) ट्रक कुळगावात सुरू झाला की अंबरनाथला कळायचं! आणि सोमवारी सकाळी आनंदनगरच्या एका कारखान्याच्या फाटकावर ट्रकची तपासणी होती. पास झाला तर मामाला तिथली रोजची फेरी मिळणार, नाही तर ती मागे टपून बसलेल्या दुसऱ्या ट्रकवाल्याला जाणार. वर्षभर सुट्या भाड्यांमागे धावून मामा दमला होता. ही फेरी त्याला हवीच होती.

अंबरनाथचे बबन मेस्त्री म्हणाले, "ओरिजिनल मॅनिफोल्ड यायला आठ दिवस जातील. उल्हासनगरला बाहेरच्या कंपनीचा लगेच मिळेल. कुठला पण आणा, मी बसवतो!"

हे वाक्य लक्षात ठेवा.

"आई, स्टीलचा हेडरच घेऊ," मामा म्हणाला. "पिकअप वाढतो. सगळे बोलतात."

"सगळे म्हणजे कोण?" आजोबांनी पेपराआडून विचारलं.

"ट्रकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे."

"मग काय, प्रश्नच मिटला," आजोबा म्हणाले आणि पान उलटलं.

आमच्या घरात इंग्रजीत वाचायचं काही निघालं की ते माझ्याकडे येतं. कॉन्व्हेंटात शिकल्याचा हा तोटा. मी चष्मा पुसला आणि कोणा परदेशी ट्रकशौकिनाचा लांबलचक लेख उघडला. स्टील उत्तम हवं, जोड सफाईदार हवेत, वळणं गोल हवीत. हे सगळं मला सहज कळत होतं. उभा जन्म मी स्टील पारखलं आहे, फक्त डब्यांच्या रूपात. पुढे टर्बोविषयी बराच मजकूर होता, तो मी गाळला. टर्बो हा शब्द मामाच्या ट्रकच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे, 'हॉर्न ओके प्लीज' आणि 'आईवडिलांचा आशीर्वाद' यांच्या मधोमध. मला वाटलं, तेही तसलंच काहीतरी सुभाषित!

शनिवारी मामाच्या मोटारसायकलवरून आम्ही उल्हासनगरला गेलो. निघताना मी फ्रिजवरचा चुंबक पर्समध्ये टाकला; अस्सल स्टीलला चुंबक चिकटत नाही, ही माझी डब्यांची परीक्षा. (तुम्ही पाठवलेला, अस्वलाचा. त्याच्याखालचा तुमचा फोटो फ्रिजमागे पडला, तो बरेच दिवस तिथेच होता. हेही आजच सांगून टाकते.)

दुकानदार सिंधी, गोड बोलणारा. "आओ आंटी, बैठो. गाडी कौनसी?" मामाने ट्रकचं नाव सांगितलं आणि तेवढ्यात बाहेर पोलिसाची शिट्टी वाजली. मामा मोटारसायकल हलवायला धावला. दुकानात मी आणि अस्वल.

"टर्बोवाला चाहिए, की बिना टर्बो?" दुकानदाराने विचारलं.

"बिना का दो," मी ठणकावून सांगितलं. "हमको फालतू डिझाईन नहीं मंगता."

त्याने तीन हेडर मांडले. पहिल्याला अस्वल चिकटलं. नापास! दुसरा मी बोटाच्या पेराने वाजवला, आवाज बद्द आला. तिसरा मात्र आरशासारखा. अस्वल घरंगळून खाली पडलं.

"आंटी, ये हेडर है, कुकर नहीं," दुकानदार म्हणाला.

"स्टील ते स्टील," मी म्हणाले.

मामा घामाघूम होऊन परत आला तोवर माल बांधून तयार होता. त्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला. धडाधड अंगठे आले. (त्या ग्रुपवर कोणी वारल्याची बातमी टाकली तरी आधी दोन अंगठे येतात.)

इथवर सगळं निस्तरण्यासारखं होतं. पण शेजारी भांड्यांचं दुकान होतं आणि तिथे नावं घालायचं मशीन गुरगुरत होतं. तो आवाज ऐकला की माझे पाय आपोआप वळतात. आपल्याकडे नवं भांडं नावाशिवाय घरात येत नाही. नाव नसलेली वाटी शेजारी गेली की शेजारचीच होते. मग गॅरेजात तर काय, दहा ट्रकांचे भाग एकत्र लोळत असतात!

"आई, हा इंजिनात जाणार," मामा कळवळला. "तिथे नाव वाचणार कोण?"

"चोर," मी म्हणाले.

चकचकीत नळीवर सुबक अक्षरं उमटली: 'चि. नीलेश यास आईकडून सप्रेम भेट.' मला भरून आलं.

संध्याकाळी बबन मेस्त्रींनी हेडर इंजिनाला लावला. बोल्टांची भोकं तंतोतंत जुळली. मी मामाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग मेस्त्रींनी एक गोगलगायीसारखी वजनदार वस्तू उचलली आणि ती हातात घेऊन, पंगतीत पान न मिळालेल्या पाहुण्यासारखे, इंजिनाच्या या बाजूने त्या बाजूला फिरू लागले.

"काय झालं?" मामाने विचारलं.

"टर्बो आहे हा. याला बसायला जागाच नाही! धुरावर फिरतो तो. त्याची बैठक मॅनिफोल्डवरच असते. हा तर बिनटर्बोच्या जुन्या मॉडेलचा आणलाय तुम्ही!"

"तुम्हीच बोललात ना, कुठला पण आणा?"

"कुठला पण म्हणजे टर्बोवाल्यातला कुठला पण!"

"मग तसं बोलायचं ना!"

"अरे, ट्रकच्या मागे एवढं मोठं लिहिलंय!"

दोघेही माझ्याकडे वळले. मी गॅरेजच्या पत्र्याकडे पाहू लागले. पत्रा चांगला होता.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा दुकानात. दुकानदाराने हेडर हातात घेतला, नावावरून अंगठा फिरवला आणि दुःखाने मान हलवली. "बदल देता, आंटी. पर इसपे तो नाम डाल दिया."

"आता काय करायचं?" मामाने विचारलं.

"नीलेश नाम का दूसरा गिराक लाओ, बिना टर्बो का. उसको बेच दूंगा."

मग त्याने आतून बिडाचा एक मॅनिफोल्ड आणला. काळा, खरबरीत, जड, जळक्या कढईच्या वंशातला! पण वर टर्बोची बैठक होती. सवयीने मी अस्वल पुढे केलं. खट्! असं बसलं की मामाला ते नखांनी उचकटावं लागलं.

"आई, लोखंड आहे ते."

"दिसतंय मला."

एवढ्यात शेजारचा नावं घालणारा दारात येऊन उभा राहिला. "काकू, यावर पण घालायचं का?"

"नको!" मामा आणि दुकानदार एकदम ओरडले.

संध्याकाळपर्यंत ते काळं ध्यान बसलं, त्याच्यावर टर्बोही बसला, आणि ट्रक मांजरासारखा गुरगुरू लागला. सोमवारी फाटकावरच्या साहेबांनी इंजिन ऐकलं, धूर पाहिला आणि विचारलं, "मॅनिफोल्ड नवा दिसतो. कोणी निवडला?"

"आईने," मामा म्हणाला.

रोजची फेरी मिळाली. पण ते उत्तर मागे रांगेत उभ्या असलेल्या चालकांनी ऐकलं होतं, आणि तेव्हापासून शहाडपासून बदलापूरपर्यंतचे ट्रकवाले सल्ल्यासाठी मला फोन करतात! "काकी, मॅनिफोल्ड कुठला घेऊ?" मी तज्ज्ञासारखा थोडा वेळ घेते आणि गंभीर आवाजात विचारते, "टर्बो आहे का?" उत्तर 'हो' आलं की फोन मामाकडे देते.

'नाही' आलं, तर छत्र्यांकडे एक नजर टाकून पुढचा प्रश्न विचारते.

"बाळा, तुझं नाव नीलेश आहे का रे?"