देवमनने कापलेलं तोंड

वरूडच्या बाजारात माझं स्पेअर पार्टचं दुकान, शेजारी देवमनची लेथ. संत्र्याच्या बागांत औषध फवारणाऱ्या ब्लोअरची नोझलं तो घडवतो. नोझल झिजून तोंड फाकलं की फवारा झाडावर न जाता पायाशी पडतो. असं नोझल दिसलं की देवमन त्याला शिव्या देतच बदलणार. तीस वर्षं हाच धंदा.

त्याची एकुलती एक पोर आकांक्षा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. अकोल्याला स्पर्धा निघाली. वेगवान जेट विमानाच्या नोझलचा नमुना करायचा, त्यातून दाबाची हवा सोडायची आणि तो किती जोराने पुढे रेटतो ते मोजायचं. पहिला येईल त्याला बंगलोरला शिकायला जागा. पोरीने बापाला ड्रॉइंग पाठवलं. नोझल मध्ये बारीक, पुढे पुन्हा रुंद होत गेलेलं.

देवमन हसला. "पोरगी चुकली लेका. तोंड फाकल्यावर जोर काय राहीन?"

मी म्हटलं, "फोन करून इचार न."

"अभ्यासात आहे ते. कायले तरास द्याचा?"

रुंद भाग त्याने मायेने कापून टाकला. चकाकी आणण्यात दोन दिवस घालवले आणि ऐन स्पर्धेच्या सकाळी नोझल फडक्यात बांधून एसटीने पाठवलं.

संध्याकाळी आकांक्षाचा फोन आला, देवमनने स्पीकरवर लावला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, हवा जितक्या वेगानं मांगं फेकली, तितकं विमान पुढं जाते. बारीक तोंडातून हवा आवाजाच्या वेगापर्यंतच येते. मंग तिले पसरायले जागा भेटली, तरच अजून पळते. तेच जागा तुमी कापली." मग म्हणाली, "मले इचारलं काहून नाही?"

बंगलोर गेलं. आता ती अकोल्यात टाइल्सच्या दुकानात नोकरी करते.

देवमनने ते नोझल पुन्हा केलं. तीनदा बिघडलं, चौथ्यांदा ड्रॉइंगबरहुकूम उतरलं. गेल्या महिन्यात मला सोबत घेऊन तो अकोल्याला गेला. आकांक्षाने रुंद तोंडात बोट फिरवलं.

"बराबर झालं, बाबा."

मग तिने ते त्याच फडक्यात बांधलं आणि त्याच्या पिशवीत परत ठेवलं.

परतीच्या एसटीत तो लहान लेकरासारखा रडला. "खुशालभाऊ, एका फोनचं काम होतं."

आकांक्षाचा नंबर तेव्हा माझ्याही फोनमध्ये होता.