धक्क्यावर चालू होणारी गाडी

मी डॉक्टर झालो तो लातूरच्या आमच्या फिजिक्सवाल्या सरांमुळे. आणि स्वतःच्या गाडीवर त्यांच्याइतकं प्रेम करणारा, तरी ती त्यांच्याइतकी हळू चालवणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा नाही. गाडी लाल, दोनच दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बसकी. कंपनीनं तसल्या मोजक्याच काढल्या होत्या. स्टेअरिंगजवळच्या पट्टीवर त्यातला तिचा क्रमांक कोरलेला होता आणि ती पट्टी सर वर्गात येण्याआधी रुमालानं पुसत. "आपल्या क्लाससारखं न्हाई," ते म्हणत, "बॅचवर बॅच काढून राहिलो. ह्या एवढ्याच." औसा रोडवरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला ते खाली उतरत, वाकून अंदाज घेत आणि मग गाडी तिरकी करून एकेक चाक चढवत. तोवर मागची बैलगाडी पुढं निघून जाई. बिनक्लचच्या ऑटोमॅटिकचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडे. "ती गाडी तुला नेती. हिला तू नेतोस. क्लच सोडताना तळपायाला कळतं बघ, आता हिनं पकडलं." घर्षणाचा धडा त्यांनी आम्हाला या एका वाक्यावर शिकवला.

माझ्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेदिवशी एसटीचा संप होता. आमचं गाव औशाच्या पुढं, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, आणि केंद्र लातुरात. गेट बंद झालं की वर्ष गेलं, आणि वडील दुसऱ्यांदा क्लासला पाठवणार नव्हते. सकाळीच लाल गाडी दारात आली. आईनं चहाचा आग्रह केला म्हणून सरांनी इंजिन बंद केलं, ते पुन्हा चालूच होईना. बॅटरी बसली होती. सर गल्लीत पळत सुटले आणि ओरडले, "धक्का, धक्का."

आमच्या गावात हा शब्द असा ओरडत नाहीत. क्षणात घरं रिकामी झाली. कुणाच्या काखेत लेकरू, कुणाच्या तोंडावर साबणाचा फेस. शेजारची म्हातारी कणकेच्या हातांनीच बाहेर आली.

"गाडीला," सर पुटपुटले, "गाडीला धक्का."

म्हातारी ओट्यावर मटकन बसली. "मुडद्या, मग ढकला म्हन की. काळीज हातात आलं माजं." आणि पहिल्यांदा तीच हसली. मग हसत हसत सारं गाव गाडीच्या मागं लागलं.

"सर, एवढी भारी गाडी अन् चालू करायला आख्खं गाव लागतंय व्हय?" ढकलता ढकलता एकानं विचारलं.

"हाव. ऑटोमॅटिक असती तर गावानं ढकलूनबी चालू झाली नसती."

दुसऱ्या गिअरमध्ये टाकून त्यांनी क्लच सोडला. गाडीनं हिसका दिला आणि पकडलं. त्या दिवशी ते एकाही स्पीडब्रेकरला उतरले नाहीत. खाली पोट घासलं की नुसते ओठ आवळत. गेट उघडं होतं.

परवा ते नांदेडला माझ्याकडं गुडघा दाखवायला आले. ऑटोमॅटिक घ्या, मी म्हणालो. ते तडक उठून निघून गेले. मग मी पत्र टाकलं:

"सर, सांगितलं ते खरंच आहे, डावा गुडघा आता क्लचला देऊ नका. पण लाल गाडी विकू नका. सुट्टीच्या दिवशी मी येत जाईन. क्लच मी दाबीन, शेजारी बसून गिअर तुम्ही टाका. आणि बंदच पडली तर आमच्या गावाला हाक मारा. सगळे येतील. फक्त 'ढकला' म्हणा."