सुईआधीची दोन मिनिटं

कुणाकडं हॉस्टेलचे किस्से साठतात, कुणाकडं ऑफिसचे. माझ्याकडचे सगळे कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलच्या काचपेट्यांच्या वॉर्डातले आहेत. तिथं मी होते जेमतेम तेवीस दिवस. पण अजूनही कुणी सहज 'बाळंतपण कसं झालं गं?' विचारलं, की माझ्या बशीतले पोहे गार होतात आणि समोरचीचेही!

जुई दोन महिने आधी आली. वजन दीड किलोच्याही खाली. साखर नाहीतर कावीळ तपासायला तिच्या टाचेला रोज सुई टोचायचे. टाच केवढी, तर वालाच्या दाण्याएवढी. वॉर्डातल्या कांबळे सिस्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, सुईआधी दोन मिनिटं पाय चोळायचा. गुडघ्यापासनं टाचेपर्यंत, हळूच. पोरांना दुखणं जरा कमी लागतंय."

खरंच कमी रडायची. निदान मला तसं वाटायचं. आणि तिथंच माझी झोप उडाली! माझा हात लागला की पाठोपाठ सुई येते. आईचा हात म्हणजे सुईची वर्दी, असंच हिच्या डोक्यात बसलं तर? मोठी झाल्यावरही मी हात लावला की पाय आखडून घेईल का ही?

एम.एस्सी. झालेल्या बाईनं असले विचार करू नयेत, हे मला कळत होतं. पण माझं एम.एस्सी. बॉटनीतलं. झाडं असलं काही मनात ठेवत नाहीत.

*

"पण दाब किती द्यायचा?" मी वही-पेन सरसावून विचारलं.

"चिकू पिकलाय का बघतो न्हवं आपण? तेवढाच."

मी वहीत लिहिलं, 'चिकू'. खाली अधोरेखित. मग अर्धा डझन चिकू मागवले आणि कॉटवर बसून सराव सुरू केला. दोन-दोन मिनिटं, घड्याळ लावून. तासाभरात सहाच्या सहा चिकूंचा गर झाला.

संध्याकाळी सासूबाई मंगळवार पेठेतून डबा घेऊन आल्या. "हे काय गं?"

"प्रॅक्टिस, आई."

त्यांनी तो गर डब्याच्या झाकणात भरून ठेवला. मग तडक सिस्टरांकडं गेल्या. "सिस्टर, नातीला हिच्या हातात देताना जरा इचार करा!"

*

आत जायचं तर कोपरापर्यंत हात धुवायचे आणि अंगठ्या, बांगड्या बाहेर ठेवायच्या. दाराबाहेर खिळ्यांची एक रांग होती, तिच्यावर आम्हा सगळ्या आयांचे हिरवे चुडे लटकलेले. कुणी दार उघडलं की ते किणकिणायचे आणि आपण आत आलो, की मागे राहायचे.

आत काविळीच्या दिव्यांचा निळा उजेड. बाहेर कडकडीत दुपार असायची, पण आत कुठलीच वेळ नव्हती. यंत्रं हळूच टिंग करायची, आणि पेट्यांमधली बाळं पाण्याखाली असल्यासारखी सावकाश हातपाय हलवायची. पाय चोळता चोळता माझेच डोळे मिटायचे. आपण नक्की कुणाला निजवतोय, हे कळेनासं व्हायचं. एकदा डोळे उघडले, तर जुई झोपेत हसत होती.

"सटवाई हसवतीया," शेजारनं सिस्टर म्हणाल्या.

"तुमचा विश्वास आहे सटवाईवर?" माझ्यातली सायन्सवाली लगेच जागी झाली.

"माझा न्हाय. पण पोरगी हसतीया का न्हाय? कारण तुमी हुडका, शिकलेल्या हाय."

*

शेजारच्या पेटीतल्या बाळाचे वडील पैलवान होते. तालमीत भल्याभल्यांची अंगं रगडलेला माणूस. मनगट जुईच्या कमरेहून जाड! बाळाची आई टाक्यांमुळं अजून वरच्या मजल्यावर झोपून होती, त्यामुळं पाय चोळायचं काम पैलवानांवर आलं.

"एका बोटानं हं पैलवान. जोर न्हाय लावायचा," सिस्टरांनी बजावलं.

त्यांनी जरा विचार करून करंगळी पुढं केली. दोन मिनिटं झाली. सुई झाली. बाळ थोडं कुरकुरलं आणि परत झोपलं. पैलवान मात्र लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब.

"अवो, काय झालं?" सिस्टर घाबरल्या.

पैलवानांनी वॉर्डभर ऐकू जाईल असा श्वास सोडला. "मधी श्वास घ्यायचा व्हता व्हय?"

*

पलीकडच्या पेटीशी कबनूरच्या संगीताताई असायच्या. त्यांच्या घरातच कापड विणायचे माग होते. त्यांच्या बाळानं पोटात असल्यापासून खटखटच ऐकलेली. ताईंना वॉर्डातली शांतता सोसायची नाही. पाय चोळताना त्या ओठातल्या ओठात "खटक्-फटक्, खटक्-फटक्" करायच्या. आणि काय सांगू, सुई टोचली की त्यांचं बाळ नुसती भुवई उंचवायचं!

मग काय, आम्हीही सुरू केलं. एका दुपारी पाच पेट्यांशी पाच आया, सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेले आणि सगळ्यांच्या तोंडी खटक्-फटक्. तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले.

"सिस्टर, हा वॉर्ड आहे का कारखाना?"

"कारखानाच की, सर," सिस्टर म्हणाल्या. "माल नाजूक हाय, म्हणून शिफ्ट जरा लांबलीया."

*

पंधराव्या दिवशी, ज्याची भीती होती तेच झालं. मी बोट लावलं आणि जुईनं पाय आखडून घेतला.

"बघा! ओळखला तिनं माझा हात!" मी रडायलाच लागले.

सिस्टरांनी माझा हात हातात घेतला. "बर्फ झालाय नुसता! असला गार हात लावला तर मी पण पाय आखडीन की!" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, आजपासनं सुई नसताना बी यायचं. उगंच चोळत बसायचं. सुई एकदा, हात धा वेळा. मग हात म्हंजे काय, ते पोरगीच ठरवंल."

त्याच दुपारी लॅबचा माणूस ट्रे घेऊन घाईत आला. माझं एकच मिनिट झालं होतं. त्यानं टाच पकडायला हात पुढं केला. मी जन्मात कधी कुणाला थांबवलेलं नव्हतं. रिक्षासुद्धा चार हाका मारल्यावर थांबायची माझ्यासाठी.

"थांबा!" माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "माझं अजून झालं नाही!"

तो माणूस कापूस हातात धरून तसाच उभा.

"ऐकलं न्हवं?" कांबळे सिस्टर म्हणाल्या. "थांबा की पावणं! दोन मिनिटं म्हंजे दोन मिनिटं!"

दुसऱ्या दिवसापासून तो दारातूनच विचारायला लागला, "झालं का हो, मॅडम?"

*

जुई आता पाच वर्षांची आहे. माझे हे सगळे किस्से ऐकतच ती मोठी झाली. पाय चोळणं काही सुटलं नाही. लस टोचायच्या आधी आणि रोज दुपारी निजताना, उगंच. ती आखडून घेत नाही, पण तिच्या मनात काय आहे, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

गेल्या महिन्यात मला रक्त तपासायचं होतं, म्हणून तिला घेऊन लॅबमध्ये गेले. सुईची भीती मला आजही वाटते. खुर्चीत बसले, बाही वर केली, डोळे घट्ट मिटले. लॅबवाल्यानं दंडाला रबर बांधलं आणि मला जाणवलं, की पायातली चप्पल कुणीतरी काढतंय.

डोळे उघडले. जुई खाली फरशीवर मांडी घालून बसली होती. माझा पाय मांडीवर घेऊन, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, हळूच.

लॅबवाला हसला. "बाळ, सुई हाताला टोचायची हाय, पायाला न्हाय."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली आणि चोळत राहिली.

बाहेर रस्त्यावर गाड्या वाजत होत्या, पण मला त्या लांबून ऐकू येत होत्या, काचेपलीकडून याव्यात तशा. पाच वर्षं गिळलेला प्रश्न माझ्या तोंडून सहज निघून गेला.

"जुई, पाय चोळला की काय होतं गं?"

"सुई टोचत्यात," ती मान वर न करताच म्हणाली.

झालं. मी परत डोळे मिटून घेतले. कोपराच्या खळीत गार कापूस फिरला. लॅबवाल्यानं सुई उचलली असणार, कारण तेवढ्यात पायावरचे हात थांबले आणि जुईचा आवाज अख्ख्या लॅबला ऐकू गेला,

"थांबा की पावणं! माझं अजून झालं न्हाय!"