तिच्या खुर्चीतली बाई

आम्ही नवराबायकोने जोडीने केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे इथे परदेशात, ईडन प्रेरी गावात शनिवार-रविवारी म्बिरा शिकणं. झिम्बाब्वेतल्या शोना लोकांचं वाद्य, फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या भोपळ्यात धरून अंगठ्यांनी आणि तर्जनीने वाजवायच्या. ती सुरुवात करायची, मी मागून जोड द्यायचो; दोघांचे भाग एकमेकांत गुंफले की गाणं पुरं व्हायचं. मंगळवारी ती हार्टअटॅकने गेली. शनिवारी मुलाने मला क्लासला नेलं, तर तिच्या खुर्चीत भलतीच बाई, हातात क्लासातच राहिलेला तिचाच म्बिरा. मी खुर्चीला लाथ घातली, बाई फरशीवर आपटली. झिम्बाब्वेचे मास्तर मध्ये पडले, त्यांचंही तोंड फोडलं. मुलगा म्हणाला, "बाबा, सोडा, पोलीस नेतील." मास्तर रक्त पुसत म्हणाले, "मुलाने कळवल्यावर तुमच्या बायकोचा भाग हिला शिकवलाय. नाहीतर तुम्ही कुणाबरोबर वाजवणार?" रविवारी सकाळी मी परत गेलो. बाईचं कोपर सुजलेलं होतं. समोर बसलो आणि म्हटलं, "करा सुरू."